काठी वाचली

"काठी वाचली का रं?"

धुळवडीच्या सकाळी पाटलानं माझ्या बापाला पहिलं हेच विचारलं. रात्री आमचं घर जळून गेलं होतं. राखेतून अजून धूर निघत होता. पाटील नाकाला उपरणं लावून लांब उभा होता, आमची सावली पोचणार नाही इतका लांब. पोरं कुठं आहेत, विचारलं नाही. रात्र कुठं काढली, विचारलं नाही. काठी!

माझा बाप, अप्पा, गावचा वेसकर. वेशीची राखण, सांगावा पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं, सगळं त्याच्याकडं. घुंगरं बांधलेली काठी ही त्या कामाची खूण. ती गावची, आमची नव्हे. पण तीच हातात घेऊन दारोदार भाकरी मागायची.

अप्पानं काठी दोन्ही हातांनी वर धरली.

"वाचली, मायबाप."

आणि तो हसला. घर जळालेला माणूस हसला. मी मायचा पदर धरून उभी होते. ते हसणं मी अजून विसरले नाही.

निजामाचं राज्य होतं. चिंताकीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. गावाची एक रीत होती. गावची होळी आमच्या विस्तवावर पेटायची. आधी महारवाड्यातली होळी पेटवायची, मग गावातली पोरं धावत येऊन जळत्या गोवऱ्या पळवून न्यायची. आम्ही खोटं खोटं मागं लागायचं, शिव्या द्यायच्या, बोंबा मारायच्या. विस्तव असा पळवून नेल्याशिवाय गावच्या होळीला पुण्य नाही म्हणे. आमच्या हातचं पाणी बाटायचं. विस्तव बाटायचा नाही.

त्या वर्षीही पोरं आली. पुढं पाटलाचा थोरला. जळत्या तुराट्यांची पेंढी त्यानं डोक्यावर गरगरा फिरवली, जोर दाखवायला. ठिणग्या आमच्या छपरावर पडल्या. उन्हानं वाळलेलं गवत ते. बघता बघता पेटलं.

माय ओरडली. आम्ही सगळे ओरडलो. पण शिमग्याच्या दिवशी कोण कुणाची बोंब ऐकतो? गावात हलगी वाजत होती. ज्वाळा वेशीवरून दिसत होत्या, एवढं मात्र खरं.

माय घागर घेऊन पाटलाच्या विहिरीकडं पळाली. आम्हाला दोराला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. विहिरीवर पाटलाचा गडी बसला होता.

"दादा, घर जळायलंय. ओता की जरासं."

"सणाचा दिवस हाय. इटाळ नगं. सकाळी ये."

सकाळी! माय रिकामी घागर घेऊन परत आली. ओढ्याच्या वाळूत खरवडलेल्या झऱ्यातून आम्ही वाटी वाटी पाणी भरलं. तोवर वासे कोसळत होते.

आत माझी शेळी होती. चांदी. गाभण होती, म्हणून अप्पानं तिला आत खुंट्याला बांधली होती. तिचं ओरडणं ऐकू येत होतं. अप्पा डोक्यावर ओलं पोतं घेऊन आत घुसला. मला वाटलं, आता चांदी येईल. मी हात पुढं करून उभी राहिले.

अप्पा बाहेर आला. हातात काठी होती.

तो पुन्हा आत जायला वळला, तेव्हा दार खाली बसलं. चांदी एकदा ओरडली. मग नाही ओरडली.

मी अप्पाला शिव्या दिल्या. शिमग्याच्या नव्हे, खऱ्या. काठी गेली असती तर पाटलानं त्याला चावडीपुढं फोडून काढला असता. पिढ्यान्‌पिढ्यांचं भय होतं ते. तेच त्याचा हात धरून त्याला काठीकडं घेऊन गेलं. पण हे मला फार उशिरा कळलं. त्या रात्री एवढंच कळलं, की माझ्या बापाला आपल्या घरात गावची काठी आधी दिसते.

पाटलानं छपरासाठी कडबा पाठवला. उपकार म्हणून! मायनं तो तसाच परत केला.

"पुन्हा जळायला? नगं. आता मातीचं माळवद घालणार."

"महारवाड्यात माळवद?" गडी हसला.

"व्हय. दरसाल तुमच्या माळवदावर माती कोण टाकतंय? आम्हीच की."

वर्षभर आम्ही चिंचेखाली राहिलो. पावसात भिजलो. मायनं माळावरून तांबडे दगड डोक्यावर आणले, मी चिखल तुडवला. अप्पा काम करायचा, पण माझ्याकडं बघायचा नाही. भिंती उठल्या. बाभळीचे वासे पडले, वर पांढरी माती बसली. शिमगा आला तेव्हा चुलीचा पोतेरा अजून ओला होता.

त्या वर्षी महारवाड्यात होळी पेटली नाही. मायनं घरोघर जाऊन सांगितलं होतं. गावातली पोरं धावत आली आणि अंधारात उभी राहिली. शेवटी पाटलाचा थोरला आमच्या दाराशी आला.

"इस्तू दे गं. चुलीतला दे."

मी चुलीपुढं बसले होते. भाकरी तव्यावर होती. मी तवा उतरवला, शेजारची घागर उचलली आणि चुलीत उपडी केली. फस्सकन राख उडाली.

"न्हाई."

"कामून न्हाई? माजलीस का?" मग तो अप्पावर ओरडला, "ए वेसकरा, पोरीला सांग!"

अप्पा उठला. मला वाटलं, आता मला मारणार. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली. घुंगरं वाजली. बाहेर जाऊन त्यानं ती पाटलाच्या पोराच्या पायाशी टाकली.

"ही न्या. होळीत घाला."

या वेळी तो हसला नाही.

गावानं आमचं बलुतं तोडलं. अप्पाला मारलं, त्याचा डावा हात पुन्हा नीट वर झाला नाही. आम्ही उपाशी निजलो, पुष्कळदा. चांदी परत आली नाही. मला आजही जळक्या केसांचा वास आला की जेवण जात नाही.

पण चूल मीच पेटवते आणि विस्तव कुणाला द्यायचा ते मीच ठरवते. माझ्या दाराशी विस्तव मागायला येणाऱ्यानं आधी आपल्या विहिरीचा दोर माझ्या हातात द्यावा. तोवर न्हाई.