थोरल्याचा मान

…तर त्या वेल्डरने हात वर केला आणि म्हणाला, "ताई, शप्पथ घेऊन सांगतो, माझी सुई मी सख्ख्या भावालाही वापरू देत नाही." काल इथेच अडलो होतो आपण. मला जांभई आली आणि गोष्ट राहिली.

ही ताई म्हणजे माझी सूनबाई. नशेचं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या केंद्रात नर्स आहे. त्यांना नव्या सुया द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, रक्त तपासायचं आणि कोणाला रोग लागायचा धोका किती, ते फॉर्मवर लिहायचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बहिणीने नाक मुरडलं, "त्या लोकांत बसते ती?" मी म्हटलं, "तुझ्याशेजारी बसण्यापेक्षा बरं." बहीण दोन वर्षं बोलली नाही. तेवढीच शांतता.

तर वेल्डर. त्याला लिव्हरचा संसर्ग, रक्तातून पसरणारा. गोळ्या सुरू कर म्हटलं की आज-उद्या करायचा. धाकटा भाऊ रंगारी, तोही सुई घेणारा. पण गेल्या तपासणीत त्याचं रक्त स्वच्छ निघालं होतं. ते तसंच राहावं म्हणून सूनबाईचा जीव वरखाली. फॉर्मवर विचारलेलं एवढंच, की एकमेकांची सुई वापरता का? दोघांचंही उत्तर, नाही. दुसरी कोणी असती तर 'धोका कमी' लिहून मोकळी झाली असती.

मी तिचा डबा द्यायला गेलो होतो. उठायला लागलो, तर वेल्डरच म्हणाला, "बसा हो आजोबा, तुमच्यापासून काय लपवायचंय?" बसलो. मला बस म्हणायचीच खोटी.

सूनबाईने फॉर्म बाजूला सारला. टेबलावर दोन कोऱ्या सिरिंजा, चमचा, कापूस आणि पाण्याची बाटली मांडली. "नुसतं पाणी आहे. रोज घेता तसं करून दाखवा. टोचायचं नाही. मला यातलं काही कळत नाही असं समजा."

"परीक्षा का, ताई?" धाकटा हसला.

"हो. आणि कॉपी चालणार नाही."

धाकट्याने बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं आणि थोरल्यापुढे सरकवलं. थोरल्याने पाणी ओढलं, चमच्यात सोडलं, कापसातून गाळून परत भरून घेतलं, दंडाशी नेऊन टोचल्यासारखं केलं आणि सिरिंज त्याच झाकणात खळखळून धुतली. मग धाकट्याने आपली सिरिंज त्याच झाकणात बुडवली.

"थांब," सूनबाई म्हणाली. "आधी तो का?"

धाकटा बघतच राहिला. "थोरला आहे ना ताई. त्याच्याआधी कसा घेईन? आईने जेवतानाही कधी घेऊ दिलं नाही."

मी मान खाली घातली. आमच्याही घरी पहिलं ताट माझंच असतं.

"सुया वेगळ्या, पण पाणी एकच," ती म्हणाली. "सिरिंजमधलं रक्त त्यात उतरतं, डोळ्यांना दिसतही नाही. चमच्याचं तेच, कापसाचं तेच. पाणी, चमचा, कापूस, सगळं ज्याचं त्याचं हवं." तिने फॉर्मवर 'धोका जास्त' लिहिलं आणि धाकट्याचं रक्त काढलं. नळी भरेपर्यंत वेल्डर आपले भाजलेले हात निरखत होता.

आठवड्याने रिपोर्ट आला. त्या दिवशीही डबा मीच नेला, काही बोलू नका. धाकटा म्हणाला, "दादासमोरच सांगा." संसर्ग झाला होता.

 वेल्डर उभा राहिला. "ताई, म्हणजे मीच दिला ना त्याला?"

मी असतो तर नशिबावर ढकललं असतं. म्हाताऱ्यांना ते बरं जमतं. सूनबाईने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"बहुतेक तुझ्याकडूनच गेला, मी खोटं सांगणार नाही. पण तुला माहीत नव्हतं, हेही खरं. या गोळ्यांनी बहुतेक माणसं बरी होतात. तो बरा झाला आणि तू तसाच राहिलास, तर त्याला पुन्हा होईल. म्हणून दोघांनी बरोबरच सुरू करायच्या. खाली बस, आणि इथे सही कर."