शांघाय, तीन रात्री आणि मंगळवारचं उत्तर

मंदारच्या कंपनीने त्याला विचारलं, दोन वर्षांसाठी शांघायच्या ऑफिसला जाशील का? मंदार म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो." सात वर्षांच्या संसारात माझं मत असं रीतसर मागवलं जाण्याची ही पहिलीच वेळ. मी आधी सावध झाले आणि मग पानं वाढली.

लग्नानंतर मी पुण्यातली नोकरी सोडून आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ल्यूकनला आले होते. वर्क परमिट मिळेपर्यंत दोन वर्षं खिडकीतून शेजाऱ्यांचं गवत वाढताना बघितलं. आता कुठे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात बरी नोकरी आहे, माणसं ओळखीची झाली आहेत. ते सगळं पुन्हा गुंडाळायचं? छे! माझा नकार तयारच होता. पण मंदार म्हणाला, "अगं, न बघता नाही कसं म्हणतेस? आपण आपले गुपचूप जाऊन बघून येऊ. कंपनीचा पैसा नको, टूर नको." मे महिन्यातल्या सोमवारच्या बँक हॉलिडेला गुरुवार-शुक्रवारची रजा जोडली की झालं. मंगळवारी तो मॅनेजरला उत्तर देणार होता.

आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधलं कोणीही चीनला गेलेलं नव्हतं, त्यामुळे सल्ले भरपूर मिळाले. स्वोर्ड्सला राहणाऱ्या वर्षाने मेथीचे ठेपले दिले आणि "पाणीसुद्धा पिऊ नका" असं बजावलं. शेजारची ब्रीडा झाडांना पाणी घालायचं कबूल करून म्हणाली, "यू विल बी ग्रँड," म्हणजे सगळं मस्त होईल. ब्रीडाच्या मते सगळेच सगळीकडे ग्रँड असतात. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: चीनचा व्हिसा डब्लिनमध्येच होतो, हॉटेलचं बुकिंग आणि विमानाचं तिकीट दाखवावं लागतं. भारतीय पासपोर्ट असेल तर आयर्लंडमध्ये परत शिरायचा री-एंट्री व्हिसा आधी काढून ठेवा, नाहीतर कायमचे तिकडचेच व्हाल.

मंदारने एक्सेलमध्ये तक्ता केला. कुठे, किती वाजता, मेट्रोची कुठली लाइन, पाऊस आला तर काय. फक्त रजेचा एक दिवस वाचल्याच्या आनंदात एक गोष्ट बघायची राहिली. मे महिन्याच्या त्या आठवड्यात चीनमध्येही सुट्टी असते. एक दिवसाची नव्हे, आठवडाभराची. अख्खा देश फिरायला बाहेर पडतो. हे आम्हाला कोणी सांगितलं? विमानात शेजारी बसलेल्या एका जर्मन बाईने. तीही हसून.

शुक्रवारी सकाळी उतरलो. विमानतळावरून चुंबकावर चालणारी रेल्वे घ्याच. पन्नास युआन, विमानाचं तिकीट दाखवलं की थोडे कमी. युरोला साधारण दहा युआन धरा. मंदार तिच्या वेगाचा आकडा मला सारखा दाखवत होता, जणू गाडी त्यानेच बांधली आहे. "बघितलंस? आणि आपण एम-फिफ्टी हायवेवर रोज एक तास उभे असतो." मी म्हटलं, छान आहे. नवरा जाहिरात करतोय म्हणून गाडीला वाईट कशाला म्हणा.

हॉटेल पीपल्स स्क्वेअरजवळ, स्वच्छ, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. तिथून नानजिंग रोडवर पाय ठेवला आणि तक्ता संपला. माणसं, माणसं आणि माणसं. झेंडेवाले टूर लीडर, खांद्यावर पोरं, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. मंदारला आयर्लंडची सवय लागली आहे: आपल्याला कोणी धक्का दिला की आपणच सॉरी म्हणायचं. तो डावीकडे सॉरी, उजवीकडे सॉरी म्हणत अर्ध्या तासात दोन दुकानांइतका पुढे गेला. मी नागपूरची. रविवारच्या सीताबर्डी बाजारात वाढले. दोन्ही कोपरं बाहेर काढली, पर्स पोटाशी धरली आणि निघाले. कोपऱ्यावर पोचून मागे बघते तर हा एका आजीबाईंची माफी मागतोय, आणि आजीबाई त्याला बाजूला सारून पुढे जातायत!

त्याच कोपऱ्यावर एकजण कोळशावर मटणाच्या सळ्या भाजत होता, वर जिरं आणि लाल तिखट. काय वास होता! सळी दोन युआनला. मंदार म्हणाला, "रस्त्यावरचं नको हं." मी चार खाल्ल्या. त्याने उभ्या उभ्या ठेपला खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत तव्यावर कांद्याच्या पातीचा पराठा मिळाला, सोबत गरम सोयाचं दूध. पराठेवालीने माझं नाक, बांगडी आणि केस यांवर मोठ्याने काहीतरी मत दिलं, रांगेतले सगळे हसले, मीही हसले. ल्यूकनमध्ये सात वर्षांत माझ्यावर असं कोणी मोठ्याने मत दिलेलं नाही. तिथे सगळे फार सभ्य आहेत.

शनिवारी युयुआन बाग होती. बघितली असं म्हणता येणार नाही, गर्दीने आम्हाला एका दारातून आत नेलं आणि दुसऱ्यातून बाहेर काढलं. दमून पीपल्स पार्कात आलो तर तिथे वेगळीच जत्रा. झुडपांवर, छत्र्यांवर कागद लावलेले आणि शेजारी वयस्क आईबाप बसलेले. मंदारला वाटलं जॉब फेअर आहे. मी एका नजरेत ओळखलं. अहो, वधूवर मेळावा! वय, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट. फक्त पत्रिका दिसली नाही.

केस कुरळे केलेल्या एक काकू मुलासाठी मुलगी शोधत होत्या. सोबतच्या भाचीला इंग्रजी येत होतं. काकूंनी आधी मंदारला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावशी विचारते, ह्यांचा पगार किती?" भाची म्हणाली.

मंदारचे कान लाल झाले. मी सांगून टाकला. काकूंनी मान हलवली, वाईट नाही अशा अर्थाने. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि तू काय काम करतेस?"

मी सांगितलं. हृदयाच्या शिरेत घालतात त्या बारीक नळ्या, त्या तपासणारी आमची टीम. भाचीने भाषांतर केलं आणि काकूंनी एकदम माझा हात धरला. त्यांच्या दिराची मुलगी शहराबाहेरच्या तशाच कारखान्यात होती. असे कारखाने इथे खूप आहेत, तुझ्यासारखी माणसं हवीच असतात, असं त्या म्हणत होत्या. मला एकदम भरून आलं. महिनाभर आमच्या घरात शांघायची चर्चा चालली होती: भाडं, टॅक्स, मंदारचं प्रमोशन. माझ्या कामाचं काय, हे पहिल्यांदा विचारलं ते ह्या अनोळखी बाईने, ते पण स्वतःच्या मुलाचं जमवता जमवता.

रविवारी संध्याकाळी नदीकाठी बंडवर गेलो. पलीकडे पुडोंगच्या उंच इमारतींचे दिवे लागले होते. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोला. कठड्याशी जागा मिळवली, अर्थात माझ्या कोपरांनी. मी म्हटलं, "मंदार, हो म्हणून सांग. येऊ या."

तो खूश होईल असं मला वाटलं होतं. तो कठड्याला धरून उभा राहिला.

"घाई नको करूस," तो म्हणाला.

"अरे! तूच तर..."

"मला इथे काहीच कळत नाही गं. पाटी वाचता येत नाही, कोणाशी बोलता येत नाही. काल दुकानात मीठ मागता आलं नाही मला. लहान पोरासारखं वाटतं. दोन वर्षं असं काढायचं?"

"मला ल्यूकनला पहिली दोन वर्षं अगदी असंच वाटायचं."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तू म्हणालास, होईल सवय."

मला रडू येत होतं आणि मागून चाळीस जणांचा ग्रुप फोटोसाठी आम्हाला ढकलत होता. त्यांच्या फोटोत आम्ही आलोच असणार.

सोमवारी परतीचं विमान. मंगळवारी मंदारने मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. मी भांडले नाही. घाबरलेल्या माणसाला ओढून नेण्यात काय अर्थ आहे? मला कसं नेलं होतं ते मला ठाऊक आहे.

शनिवारी वर्षाकडे सगळे जमलो. हातात पाणीपुरीची प्लेट घेऊन मंदार सांगत होता, "शहर एक नंबर आहे रे, पण हिला नाही झेपलं. गर्दी, खाणं... शेवटी बायकोचं बघावं लागतं." सगळ्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. वर्षा म्हणाली, "बरं झालं गं, नाही म्हणालीस." माझ्या तोंडात पुरी होती. ती गिळेपर्यंत विषय घरांच्या किमतींवर गेला.

मला खूप वाईट वाटलं. गाडीत विचारलं, "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? मला भीती वाटली म्हणून?"

"हो. तेच."

त्याने गाडीतला रेडिओ लावला.

तर, शांघायला जरूर जा. तीन रात्री पुरतात. मेचा पहिला आठवडा टाळा, सळ्या खा, पाणी बाटलीचं प्या. पार्कातल्या काकूंना पगार खरा सांगा.

ब्लॉगवर टाकण्याआधी हे मंदारला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. "रेल्वेचं बरोबर आहे," तो म्हणाला. "ते बंडवरचं मात्र काढून टाक. ग्रुपमधले वाचतील."

मी म्हटलं, वाचू देत की.