कुठलं पाणी?

कुणाच्याही घरी पाण्याचा पेला पुढे आला, की अक्का आधी विचारायच्या, "कुठलं पाणी?" यजमान ओशाळायचे, आम्ही सहकारी हसायचो. निपाणीकडच्या अक्का इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात तळ्यांच्या आणि बोअरच्या पाण्याचे आकडे तपासायच्या. पाण्याला इतकं घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सरासरी या शब्दावर त्यांचा भारी राग. कुणी "एकंदरीत पाणी बरं आहे" म्हणालं, की त्या भडकायच्या. "सरासरी कोण पितंय व्हय? ज्याच्या त्याच्या बोअरचं पितंय माणूस."

मी पुण्याहून नवीन आलेली, तान्ह्या लेकीला घेऊन बोम्मसंद्राजवळ राहत होते. तिथल्या नाल्याचे नमुने आले, तेव्हा तुलनेला चांगलं पाणी हवं म्हणून मी ऐटीत घरच्या नळाची बाटली भरून नेली. गुणधर्म जुळणारे नमुने संगणक एकेका गटात टाकतो. माझी बाटली त्याने थेट नाल्याच्या, नायट्रेट जास्त असलेल्या गटात बसवली.

"बाटल्या बदलल्या असतील," मी हसले. अक्का हसल्या नाहीत.

"बाळाचं पावडरचं दूध ह्यातच करतीस?"

"हो, पण उकळून घेते की."

"उकळून नायट्रेट जात नाही गं! पाणी आटतंय, ते तसंच राहतंय. तान्ह्या पोराचं रक्त बिघडतंय त्यानं." त्यांनी माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "घरी फोन लाव. ओठ निळे पडलेत का विचार."

मी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच झोपलीय गं."

"उठवा तिला! ओठ बघा आधी!" मी ओरडले.

अक्कांनी माझं मनगट आवळून धरलं होतं. बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग लेकीचं रडणं आलं आणि सासूबाईंचा वैतागलेला आवाज, "गुलाबी आहेत. झालं समाधान?"

तरी अक्का पाण्याचा कॅन घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. डॉक्टरांनी लेकीला तपासून ठीक म्हणेपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. पुन्हा भरून नेलेली बाटलीही नाल्याच्याच गटात पडली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या सगळ्या बोअरची सरासरी मर्यादेत आहे, मॅडम." ते ऐकून आम्ही ते घर सोडलं.

निवृत्त होऊन अक्का गावी निघाल्या, तेव्हा यशवंतपूर स्टेशनवर मी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. डोळे पुसत त्यांनी विचारलंच, "कुठलं?"

लेक आता शाळेत जाते. परवा एका वाढदिवसाला तिच्यापुढे पेला आला, तर तिने हात मागे घेतला. "काकू, कुठलं पाणी?"

सगळे हसले. मी पेल्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.