गोलमागच्या वाफ्यातली माती

मुलाची राख कुठं न्यायची, यावरून माझं आणि सुनेचं बोलणं बंद पडलं होतं. सिंगापुरात क्लेमेंटीतला लहानसा फ्लॅट, त्यात आम्ही दोघंच, आणि टीव्हीशेजारी तो कलश. जेवायला वाढलंय एवढं ती सांगायची, मी जेवून उठायचो.

मुलगा इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा. त्याआधी पीएच.डी.साठी इंग्लंडच्या एका गावात होता. तिथल्या फुटबॉल क्लबचं वेड त्यानं सोबत आणलं. टीव्हीवर दिसतात तसला बडा क्लब नव्हे, खालच्या दर्जात रखडणारा. जायच्या आधी हॉस्पिटलातून बायकोला सांगून गेला की राख त्या मैदानावर न्या. तिथं तशी रीतच आहे म्हणे. आधी लोक आपल्या माणसांची राख गवतावर टाकायचे. गवत जळायला लागलं, म्हणून गोलच्या मागं फुलझाडांचा वाफा केला. आता राख त्या मातीत मिसळतात.

मी नाही म्हटलं. भुसावळला माझ्या बायकोची राख पिंपळाच्या रोपाखाली आहे, पोरगा आईजवळ जाईल. मी चौथी शिकलेला माणूस. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे हेल्पर म्हणून लागलो, फिटर होऊन रिटायर झालो, आणि मधल्या काळात एकाही साहेबापुढं मान खाली घातली नाही. आता घरात घालू?

क्लबवर माझा राग नव्हता. उलट तो तिथं गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता, "बाबा, ही तर तुमच्या शेडवाल्यांची टीम!" रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी ती काढलेली. शर्टाचा रंगसुद्धा डब्यांना द्यायचे तोच, गडद तांबडा. कुणाच्या तरी पणज्याच्या काळात एक मोठा कप जिंकला, त्याच्या गोष्टी गाव अजून सांगतं. पुढं कारखाना बंद पडला, क्लब तेवढा राहिला.

"हरायला लागले की जास्त जोरात गातात, बाबा."

"आणि जिंकल्यावर?"

"ते अजून बघायला मिळालं नाही."

पहिल्या हिवाळ्यात तो अगदी एकटा पडला होता. मैदानावर शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी बसायची, ती थर्मासमधला चहा त्याला द्यायची, आणि याला उशीर झाला तर याच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरायची. मला म्हणाला होता, "इथं कुणी आडनाव विचारत नाही. कुठं बसतोस, एवढंच विचारतात." आडनाव विचारणं म्हणजे काय, हे मी त्याला समजावायची गरज नव्हती.

आमच्या बिल्डिंगखाली हॉकर सेंटर आहे, खाण्याच्या गाळ्यांचं, तिथं एक चिनी म्हातारा बसतो. सगळे त्याला अंकल म्हणतात. त्याच्या लहानपणी इथं गोरे सैनिक होते, त्यातल्या एकानं त्याला याच क्लबचा नाद लावला. मॅच इथल्या संध्याकाळी असली की तो आणि माझा मुलगा कॉफीच्या कपाला फोन टेकवून बघत बसायचे. दोघांचे चेहरे लांब झालेले दिसले की मला वरूनच निकाल कळायचा.

एका दुपारी मी सुनेला अंकलसमोर नेऊन बसवलं. कारखाना बंद पडला की पुढं जागेचं काय होतं, ते मी बघितलेलं आहे.

"त्याला विचार, ते मैदान अजून किती टिकणार."

तिनं इंग्रजीत विचारलं. म्हाताऱ्यानं कॉफी ढवळली, ढवळतच राहिला, मग खालच्या आवाजात काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?"

"मैदान विकलंय. हा सीझन शेवटचा. तिथं घरं होणार."

तिला खोटं सांगता आलं असतं. मला इंग्रजी येत नाही. तिनं खोटं सांगितलं नाही, हा तिचा मोठेपणा.

"मग झालं तर," मी म्हणालो.

"त्याला माहीत होतं, बाबा." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "हॉस्पिटलात असतानाच कळलं. मी म्हटलं, मग आता कशाला तिथं? तर म्हणाला, शेडमधून निघाले तरी बाबा अजून शेडवालेच आहेत ना."

अंकलनं टोस्टची बशी माझ्यापुढं सरकवली. "ईट, ईट." मी खाल्लं.

मी हो म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, बुद्धवंदना मी घेणार. डॉक्टर मला विमानात बसू देत नव्हते, म्हणून सून एकटी गेली. शेवटच्या मॅचच्या आधी तिनं मैदानावरून व्हिडिओ कॉल लावला. तिथं दुपार, इथं संध्याकाळ. अंकल घरी आला होता, एवढ्या उकाड्यात गळ्यात क्लबचा लोकरी मफलर घालून.

फोनमध्ये वाफा दिसत होता. त्याच्याभोवती लाल तोंडाचे आडदांड लोक टोप्या काढून उभे. मी उभा राहिलो. त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं. आवाज फुटू दिला नाही. एक माणूस हलला नाही.

माझं संपलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी. माझ्या शेजारी अंकलनंसुद्धा.

आमच्यात माणूस गेला की उभं राहून गप्प राहतात. "टाळ्या कसल्या वाजवता? तमाशा लावलाय का?" मी ओरडलो आणि फोन टेबलावर पालथा घातला. अंकल "नो, नो" करत तो उचलायला लागला. मी वर पंजा दाबून धरला.

पंजाखालून सुनेचा आवाज येत होता. "बाबा... बाबा, बघताय ना? आता घालतेय."

मी हात काढला नाही.

परत आल्यावर तिनं सांगितलं की ते लोक आपल्या मेलेल्या माणसाला टाळ्या वाजवूनच निरोप देतात, मैदानभर. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं मी." मी म्हटलं, हो, सांगायला हवं होतं.

आता तिथं मशिनी लागल्यात. वाफ्याची माती कुठं नेली, ते मी सुनेकरवी अंकलला विचारून घेतलं. त्यालाही ठाऊक नाही.