रफीकभाईच्या नाटकाचा पासवर्ड

रफीकभाईचं नाटक मी मारलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

वडशात त्याचं टायपिंगचं दुकान. उभी हयात झाडीपट्टीच्या कंपन्यांची नाटकं टाइप करण्यात गेली. प्रत्येक नटाला फक्त त्याचे संवाद छापून द्यायचे, अख्खं नाटक कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही, ही इथली रीत. नाहीतर दुसरी कंपनी पळवते.

मग त्याने स्वतःचं एक लिहिलं. पहिलंच. थेट कॉम्प्युटरवर, कागदावर एक ओळ नाही. फाइल लॉक करताना मला म्हणाला,

"पंडितजी, पासवर्डले असा शब्द द्या का इथी कोनाले सुचू नये."

मी "किंकर्तव्यविमूढ" दिला. संस्कृत शिकल्याचा आयुष्यात तेवढाच उपयोग झाला.

आणि महिन्याभरात चहाच्या टपरीवर, दोन कंपन्यांचे मॅनेजर शेजारी बसलेले असताना, मीच तो ऐटीत म्हणून दाखवला. सगळे हसले. रफीकभाई हसला नाही.

तसाच उठून दुकानात गेला. मी मागोमाग. काळ्या स्क्रीनवर त्याने कमांड टाकली. आधी जुना पासवर्ड, मग नवा, दोनदा. टाइप करताना स्क्रीनवर ठिपकासुद्धा उमटत नव्हता.

"भाभींचं नाव ठेवलं काय?" मी चिडवलं.

"तुमाले काऊन सांगू? तुमच्या पोटात काई राह्यत नाई."

रास्त बोलला.

नवव्या दिवशी बल्लारपूर स्टेशनवर त्याला हार्ट अटॅक आला. नटांचे संवाद छापायचे राहिलेच होते.

नसीमभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, बोलावून घेतलं. "शब्द तुमीच देल्ला होता ना त्याईले? टाका."

मी टाकला. फाइल उघडली नाही. का उघडली नाही, हे त्यांना सांगायला मला तीन दिवस लागले.

मग भाभींचं नाव झालं, मुलींची झाली, स्कूटरचा नंबर, त्याच्या अम्मीचं गाव. नागपूरच्या जाणकाराने तर सरळ हात जोडले.

त्याचं नाटक जी कंपनी करणार होती, तिने हिवाळ्यात दुसरं बसवलं. त्यांचंही बरोबर.

आज भाभींकडे जाऊन आलो. कॉम्प्युटर त्यांनी सुरूच केला नाही. एवढंच विचारलं,

"नाटकातली बाई माझ्यावरूनच लिवली म्हने. तिचं शेवटी काय होते? मी विचारलं का म्हनत, पहिल्या खेळाले समजन."

मला माहीत नव्हतं. खोटं सांगायचंही मनात आलं, तेही जमलं नाही.

माफी मागायला तोंड नाही.

खुदा हाफिज, रफीकभाई.