बारा घरांची एक छत्री

धाराशिवात टीव्हीच्या छत्र्या बसवायचं काम मी वीस वर्षं करतोय. डोकं माझं लवकर तापतं, हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे, तरी बोलावतात. एकदा केलेल्या कामाला परत हात लावायची वेळ मी येऊ देत न्हाय. याचा मला गर्व आहे, लपवत न्हाय.

येडशीच्या रस्त्याला बारा घरांची एक तीन मजली इमारत आहे. गच्चीवर छत्र्याही बारा. चैत्रात कुरडया घालायला बाज टाकावी तर जागाच उरली नव्हती, तेव्हा बायकांनीच लावून धरलं, की सगळ्यांत मिळून एक छत्री ठेवा. बाराही घरांचं कनेक्शन एकाच कंपनीचं, त्यामुळं जमण्यासारखं होतं.

सोसायटीचे चेअरमन म्हणजे रिटायर झालेले गुरुजी. ते म्हणाले, "टाकीतून पाण्याचा पाइप एकच उतरतो ना? तशी वायर एकच सोडा, अन् दर मजल्यावर फाटे काढा."

"गुरुजी, पाणी नुसतं खाली येतं. टीव्हीचा डबा वायरीतून वर छत्रीला सांगत असतो, मला हे चॅनल पाहिजे, ते पाहिजे. एका वायरीवर बारा डबे बोलायला लागले, तर एकाचं दिसंल अन् दुसऱ्याचं जाईल. गच्चीवर वाटणीची पेटी बसवतो, तिच्यातून दर घराला आपापली वायर."

"बारा वायरी? इमारतीला काय जाळ्यात गुंडाळताय का?"

इथं माझं डोकं तापलं. "एका वायरीचं काम माझ्या हातनं होणार न्हाय. माझ्या पद्धतीनं करतो. एक जरी घर बंद राहिलं, तर सगळं उतरवून पहिल्यासारखं करून देईन, अन् परत या गावात कुणाच्या गच्चीवर चढणार न्हाय." बोलून गेलो. पोट याच कामावर चालतं, हे घरी गेल्यावर बायकोनं ऐकवलं.

चार दिवस लागले. जिन्याच्या कडेनं पट्टीत बारा वायरी सरळ उतरवल्या, दोन्ही टोकांना घराचा नंबर लावला, मधे कुठंही जोड दिला न्हाय. सगळीकडं टीव्ही लागले अन् मी शिडी उचलली.

दुसऱ्या दिवशी अकराला गुरुजींचा फोन. बाराही घरं बंद.

गेलो तर गुरुजी गच्चीतच उभे. "एक घर म्हणाला होतात तुम्ही," एवढंच बोलले.

पेटी बघितली, ठीक होती. एकेक वायर बघितली, त्याही ठीक. मग मान वर केली. गच्चीभर बाजा, बाजांवर धोतरं पसरून कुरडया. कावळे येऊ नयेत म्हणून वरून दोरी ताणलेली, तिला चमकत्या पट्ट्या बांधलेल्या, अन् दोरीचं एक टोक माझ्या छत्रीच्या दांड्याला. वाऱ्यानं दोरी ओढून ओढून छत्री बोटभर फिरली होती. सगळ्यांचं चित्र जायला तेवढं पुरतं.

"ही दोरी कुणी बांधली?" माझा आवाज चढला. गुरुजींच्या घरच्या काकू पुढं आल्या, हाताला अजून चीक होता. "मीच, बाबा. मला काय ठाऊक?"

त्यांचा चेहरा बघितला अन् माझा आवाज आत गेला. माझी आई, माझी बायको, दोघीबी अशीच दोरी बांधतात, सापडंल त्या दांड्याला. चैत्रात गच्ची कुणाची असते, हे छत्री बसवणाऱ्याला कळायला नको? "काकू, चूक माझी आहे," मी म्हणालो, अन् मनापासून म्हणालो.

कठड्यात दोन हूक ठोकून दोरी तिथं बांधून दिली. मीटर लावून छत्री जागेवर आणली, नट आवळले. मग काकूंनी जिन्यातून हाळी दिली, सगळ्यांनी टीव्ही लावा, अन् दर घरानं वेगळं चॅनल लावा. खालून दारं उघडत गेली. "लागला." "आमचाबी." मी बोटांवर मोजत होतो. अकरा झाले. राहिलं गुरुजींचं घर, अन् ते स्वतःच खाली बघायला गेलेले.

सावकाश वर आले. "लागला," म्हणाले, अन् जाड पेन माझ्यापुढं धरलं. "पेटीवर नाव लिहा. उद्या कुणी शहाणा एक वायर पुरे म्हणाला, तर त्याला कुणाकडं पाठवायचं?"

माझ्या घराच्या दारावर अजून नावाची पाटी न्हाय. त्या पेटीवर मी माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. गुरुजी बघत होते, म्हणून अक्षर सावकाश काढलं.