केस गेल्याचं पत्र

सुदामदादा गेल्याचं मला शाळेत कळलं. चौथीचा वर्ग चालू होता. फळ्यावरचं गणित पुरं केलं, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि मगच पिशवी उचलली. तो माझा चुलत भाऊ. आम्हा दोघांत रडायची पद्धत कधी नव्हतीच.

दादा परभणीच्या कृषी विद्यापीठात माती तपासायच्या खोलीत शिपाई होता. शेतकऱ्यांनी आणलेली ढेकळं खलात कुटायची आणि चाळायची, हे त्याचं काम. नामांतराच्या मोर्चात गेले म्हणून माझ्यावर केस झाली, तेव्हा कोर्टाच्या तारखा तोच सांभाळायचा. शिक्षा लागती तर नोकरी जाती. त्यातच माझ्या छातीत गाठ निघाली आणि मला मुंबईच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून मी दादाला कार्ड टाकलं, ‘जयभीम. केस गेल्यामुळे कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही.’ कार्ड मिळालं त्याच दिवशी गडी वकिलाच्या कारकुनाकडून कागदांची पिशवी घेऊन निघाला. वॉर्डाच्या दारातूनच म्हणाला, “तारे, भिऊ नकं. आपण वरच्या कोर्टात जाऊ.” मी डोक्यावरचा पदर काढला. तो बघतच राहिला... मग म्हणाला, “हे व्हय! मला वाटलं, केसच गेली.” त्या आजारपणात मी पोटभर हसले ती तेवढीच.

मी गंगाखेडला घरी परतले आणि त्याचा लेप सुरू झाला. माका, आवळा, जास्वंद वाळवून तो खलायचा, मलमलीतून चाळायचा, पुन्हा खलायचा आणि तेलात कालवायचा. “जितकं बारीक, तितकं मुळाला लागतंय,” हे त्याचं शास्त्र मातीवरून आलेलं. दर रविवारी एसटीनं येऊन डबी देऊन जायचा आणि मागची रिकामी घेऊन जायचा. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, डोक्याला काही लावू नका, सुया थांबल्या की केस आपोआप येतील. हे दादाला सांगायला माझी जीभ रेटेना. लेप मी परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतत असे. पुढे केस आले. मी केसमधूनही सुटले. दादा भेटेल त्याला माझी वेणी दाखवायचा, “आमच्या लेपाचा गुण!”

मागच्या वर्षी तसलंच दुखणं त्याला झालं. त्याचेही केस गेले. भेटायला गेले, तर वहिनीनं माझ्यापुढे खल ठेवला. “ताई, तुमाला लागू पडलं. आता यांच्यासाठी तुमीच कुटा.” तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी मुकाट कुटायला बसले. ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी खाटेजवळ सरकले. आता तरी खरं सांगायलाच हवं होतं. “दादा, तो लेप...” एवढंच जमलं. त्यानं खलातली पूड चिमटीत घेऊन चोळून बघितली.

“बेस झालंय,” तो म्हणाला. “घेऊन जा, शेवग्याला घाल. तुज्या वैनीला सांगू नकं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधीपासून ठाऊक होतं, हे विचारायचं राहून गेलं.

खल आता माझ्याकडे आहे, वहिनीनंच दिला. गेल्या रविवारी त्यात माका खलला, मलमलीतून दोनदा चाळला, तेलात कालवला आणि पहिल्यांदाच डोक्याला लावला.